सहा वर्षांखालील मुले मोफत

खोरफक्कानच्या अलीकडचा शेवटचा बोगदा लागला
तेव्हा गाडीत आमचं ठरून गेलं होतं:
शाल्मली आज पाच वर्षांची.
मंगळवारीच ती सहाची झाली होती,
केकचा उरलेला तुकडा अजून फ्रीजमध्ये होता
फॉइलखाली.

वैजयंती म्हणाली, मी नाही बोलणार. तूच बोल.

डोंगर संपले तिथंच समुद्र आला,
न कळवता आलेल्या पाहुण्यासारखा.
कॉर्निशवर गवत, गवतावर चटया, चटयांवर पातेली,
एक सुदानी बाप गुडघ्यावर कलिंगड फोडत होता
आणि त्याची पाच पोरं श्वास रोखून बघत होती.
काचेच्या तळाची होडी, वीस मिनिटं.
काचेत आमचेच पाय, त्याखाली एक कासव
जे बहुधा नव्हतंच,
पण शाल्मलीला दिसलं
म्हणून आम्हा दोघांनाही दिसलं.

मग डोलणारं जहाज.
दारात लाकडी जिराफ, हात आडवा धरून:
माझ्या हाताइतकी उंची हवी.
दोन बोटं कमी पडत होती.
टाचा उचल, मी कुजबुजलो.
वैजयंतीनं तिचा बुचडा सोडून
टाळूच्या मधोमध बांधला.
छातीवर टेकबहादूर लिहिलेला पोरगा
आधी बुचड्याकडे बघून हसला, मग टाचांकडे,
आणि साखळी न काढता म्हणाला,
पुढच्या वर्षी या, मॅडम.
ती रडली नाही.
पुढच्या वर्षी कधी, एवढंच विचारलं.

हॉटेलात फॅमिली विभाग जिना चढून वर.
जिन्याच्या तोंडाशी फलक, त्यावर हसणारी कोळंबी:
सहा वर्षांखालील मुले मोफत.
माझा हात आपोआप तिच्या खांद्यावर गेला,
जरासा दाबत.

असाच एक हात माझ्या खांद्यावर असायचा
कणकवली-कोल्हापूर गाडीत.
कंडक्टरचा चिमटा टकटक करत जवळ आला की
आई म्हणायची, गुडघे मोड, वाकून बस.
चौदाव्या वर्षापर्यंत मी अकरा वर्षांचा होतो.
मिसरूड फुटली तेव्हा
तिनं नाइलाजानं पूर्ण तिकीट काढलं,
आणि घाट संपेपर्यंत बोलली नाही.

शाल्मली माझ्या हाताकडे बघत होती.
बाबा, जिराफापाशी मोठी आणि इथे लहान?
मग होडीत मी किती होते?

वही घेऊन मारिसेल आली.
ही किती वर्षांची?
मी तोंड उघडलं.
सहा, शाल्मली म्हणाली. मंगळवारपासून.
वैजयंती मेनूकार्ड उलटं धरून वाचत होती.

मारिसेलनं न बघता काहीतरी लिहिलं,
चार खडू ठेवले, लाल मोडका,
आणि एक कागद: कोळंबीला समुद्रापर्यंत पोचवा.

कनद आली, म्हणजे आपली सुरमईच,
अख्खी भाजलेली, पोटात लिंबाच्या फोडी.
हमूस, फत्तूश, ताटाएवढी रोटी.
शाल्मलीनं खाल्ले तीन बटाटे आणि एक खजूर.
पूर्ण तिकिटाचं माणूस, घास चिऊचा.
बिल आलं. तीन माणसं, तिन्ही पूर्ण.
सवयीनं मी दोनदा तपासलं,
मग नेहमीपेक्षा पाच दिरहम जास्त ठेवले,
का ते मलाही नीट सांगता येणार नाही.

तुम्हाला मुलं? वैजयंतीनं विचारलं.
एक मुलगी, मारिसेल म्हणाली, नऊ वर्षांची.
जिन्यापर्यंत गेली, थांबली,
बोटांवर काहीतरी मोजलं
आणि तिथूनच म्हणाली, नाही, दहा.

सात वाजता डोंगरावरचा धबधबा सुरू झाला.
कोणीतरी बटण दाबलं असणार.
सगळी चटयांवरची माणसं तरीही ओ म्हणाली,
आम्हीही.

परतताना बोगद्यात ती झोपली होती.
माझ्या सीटच्या पाठीला तिचे बूट लागत होते.
गेल्या हिवाळ्यात लागत नव्हते.
मी सीट एक खाच पुढे घेतली.