बाराशे अठ्ठेचाळीस सीसी

आधी कागदावरचं सांगतो.
चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह,
पिस्टनचा व्यास सत्तर मिलिमीटरला जरासा कमी,
धाव ब्याऐंशी.
म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त,
आमच्या रोशनसारखा काडीपैलवान.
घोडे पंचाहत्तर.
पण डिझेलचे घोडे मोजून काय करता,
ओढ बघा : दोन हजार फेऱ्यांवर एकशे नव्वद.
त्याच्या खाली मात्र टर्बो निजलेला असतो,
मे महिन्यात दुपारी दोनच्या नागपूरसारखा.
कोणी कितीबी हॉर्न द्या.

तेल तीन लिटर.
लग्नघरात एका घाण्याला पुरणार नाही एवढं,
आणि त्याच्यावर लोक वीस वीस हजार किलोमीटर काढतात,
मग म्हणतात, भाऊ, सकाळी चेन वाजून राहिली.
कंपनी सांगते, चेन आयुष्यभराची.
कोणाच्या आयुष्यभराची, ते कुठं छापलेलं नाही.

ती ऐकायची तर गाडी रात्रभर इथंच सोडावी लागते.
डिसेंबरात, पारा आठावर,
खामल्याच्या रस्त्यावर दूधवाल्याशिवाय कोणी नसतं,
तेव्हा चावी फिरवायची.
पहिले तीन सेकंद.
तेल वर चढेपर्यंत ती बोलते,
डब्यात चार खिळे हलवल्यासारखी.
चौथ्या सेकंदाला गप्प,
जसं काही झालंच नाही.

वऱ्हाडपांडे मॅडमची गाडी मात्र चेनची नव्हती.
पिवळा दिवा, ओढ नाही, चढावर खोकला.
मी ईजीआरचा व्हॉल्व्ह सोडवला
तर आत काजळी,
बोटानं निघेना, स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडली.
टर्बोच्या होजला क्लॅम्पपाशी तेलकट चीर,
तिसरा ग्लो प्लग आट्यातच गंजलेला;
त्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.
तुटला असता तर अख्खं हेड उतरवा.

"रोज किती चालवता?"
"बजाजनगर ते लक्ष्मीनगरचा भाजीबाजार.
कधी बँक."
दीड किलोमीटर. आणि दीड परत.
सात वर्षांत अकरा हजार.
कलेक्टर ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केलेली बाई,
सर्व्हिसच्या पावत्या तारखेनुसार लावून आणलेल्या,
एक गहाळ नाही.
"मी तर इतकी सांभाळून वापरते," त्या म्हणाल्या.
आता यांना कसं सांगावं,
की हिला तुमच्या सांभाळण्यानंच झालं आहे हे.
ही गरमच होत नाही, मॅडम.
अर्धवट जळतं, ते सगळं छातीत बसतं.
हिला आठवड्यातून एकदा तापवा,
तिसऱ्या गिअरमध्ये, तीन हजारावर, अर्धा तास.

"मला हायवेचं भ्या वाटते."

मग मी शेजारी बसलो.
कामठीपर्यंत त्यांचे खांदे कानाला लागलेले.
कन्हानच्या पुलावर एक ट्रक घासून गेला,
तेव्हा आमच्यापैकी कोणी तरी देवाचं नाव घेतलं,
बहुतेक मीच.
पुढं रस्ता मोकळा झाला.
दाबा, म्हटलं. अजून दाबा. घाबरू नका, हिचं कामच आहे ते.
टर्बोची शिट्टी आली, बारीक,
आणि आरशात काळा धूर,
सात वर्षांचा भाजीबाजार,
मागच्या मोटरसायकलवाल्यानं शिवी दिली ती ओठांवरून कळली.
मग धूर राखाडी.
मग नुसताच रस्ता.

मनसर आलं. मी म्हटलं, मॅडम, इथून वळवा.
त्यांनी इंडिकेटर दिला, बंद केला.
"जरा थांबा नं," म्हणाल्या,
"अजून तिसराच चालू आहे."
सागाची झाडं सुरू झाली.
रोशनचे पाच मिस्ड कॉल,
रॅम्पवर कोणाची तरी गाडी टांगलेली,
आणि ह्या देवलापारच्या दिशेनं,
खांदे खाली आलेले, एक हात खिडकीवर.

बिलात व्हॉल्व्हची सफाई, होज, एक गॅस्केट.
ग्लो प्लगसमोर लिहिलं : तूर्त राहू दिला.
हायवेचे पैसे लावले नाहीत.
डिझेल त्यांचंच होतं.