हाकेच्या अंतरावर

माझी सासू इंगेयेर्द
शेवटची गाय विकली त्या वर्षापासून
रोज संध्याकाळी कुरणाच्या टोकाला जाऊन
गायींना हाक मारते.
संध्याकाळ आपली म्हणायची;
जूनमध्ये आमच्या डोंगरात तिन्हीसांज होतच नाही,
ऊन नुसतं कुशीवर वळतं.

आधी मला लाज वाटायची.
रिकाम्या उताराला कोण बोलावतं?
मग कुणीतरी तिची हाक ध्वनिमुद्रित करून नेली
आणि माणसं यायला लागली
इंचनहून, कुमासीहून, कुठून कुठून,
भाड्याचे रबरी बूट घालून, डास मारत,
हाक सुरू झाली की मान खाली घालून रडणारी.
मी कॉफी करते, दालचिनीचे पाव भाजते.
कागदी रुमाल आता ठोक भावाने आणते.

सासू मागच्या दाराशी येऊन विचारते,
"लोकसंगीत म्हणतात हे लोक याला.
मी गायींना सांगतेय, चला गं, धारेची वेळ झाली.
यात रडण्यासारखं काय?"

मला उत्तर येत नाही.
पाहिलंय एवढंच:
तो सूर घशातून निघत नाही, कपाळाच्या हाडातून निघतो,
बर्चच्या शेंड्यांवरून तळ्यापलीकडे जातो,
तिथल्या कड्याला शिवतो
आणि परत येतो तेव्हा त्याच्यात
कुणीतरी कमी असतं.

त्या उन्हाळ्यात हासिंता आली.
आंतोफागास्ताची. तिथे म्हणे पाऊसच नाही,
कुरण तिने फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिलेलं.
ती रडली नाही.
पायरीवर बसून बोटं मोजत राहिली.
कॉफी पार निवली तेव्हा म्हणाली,
"आई गच्चीवरून आम्हाला अशीच बोलवायची.
सात नावं, एका दमात.
सातवं माझं. तिथवर येता येता दम संपायचा.
मला आयुष्यभर अर्धंच नाव ऐकू आलं."

सासूला इंग्रजी बेताचं, हासिंतालाही.
मध्ये मी.
"नावं सांग म्हणावं तिला," सासू म्हणाली.
(एरवी पाहुणे आणि डास तिच्या लेखी एकच.)

रेनाल्दो, ओफेलिया, एर्नान, तितो, ग्रासिएला, नेल्सन.
सासूने ती दात असलेल्या बाजूने चावून पाहिली.
परकी आहेत, म्हणाली,
पण मायरूसचं नावही तोंडात बसायला महिना लागला होता.
यातले किती उरलेत, हे तिने विचारलं नाही.
गायींचंही विचारत नाही.
हाक मारायची. येतील त्या येतील.

दुसऱ्या दिवशी वारा पडलेला.
आधी नेहमीच्या: मायरूस, लिल्या, डोका.
मग एक्क्याऐंशी वर्षांच्या बरगड्या वर आल्या
आणि रेनाल्दो गेला तळ्यावरून,
त्याच्यामागे ओफेलिया,
एर्नान थेट चढाला लागला, तितो जरा वाकडातिकडा,
ग्रासिएला कुठेतरी झाडीत अडकली, सुटली,
नेल्सनपाशी आवाज चिरला.

संपलं, मला वाटलं.
हासिंताचे खांदे तर सवयीने खाली आलेलेच.

पण अर्ध्या नावाने जनावर वळत नाही,
हे सासूला पाठ.
कुठून काढला कोण जाणे, तिने दम काढला
आणि ते नाव शेवटच्या अक्षरापर्यंत
चालवत नेलं.
'ता' तळ्यावर बराच वेळ होता.

मग साठीची ती बाई पायरीवरून उठली
आणि अनवाणी, ओल्या गवतातून,
ना घाईने ना हळू,
धारेला यावं तशी आली.

मी फाटकाशी होते.
अकरा वर्षं न उघडलेलं, कडी गंजून बसलेली;
गंज माझ्या तळहाताला लागलेला.
उघडून धरलं होतं,
आणि ती आत आल्यावरही
थोडा वेळ
तसंच.