ओळ दोनशे बारा

लाप्पेनरांता, जानेवारी. कालवा गोठलाय,
बोटी वसंतापर्यंत बंद.
आमच्या वाट्याला कोड झाडून-पुसून ठेवणं.

तपासनीस प्रोग्रॅम म्हणतो:
ओळ दोनशे बारा. अढळ अट मोडू शकते.
अट मीच लिहिलेली, साधी:
वरचा दरवाजा आणि खालचा दरवाजा
एकाच वेळी उघडे नसतील. कधीच.
नाहीतर तळं खाली चालत येईल
जिना उतरावा तसं.

मी वाचते. वरचा मिटतो,
पंपाच्या क्लासला पातळी विचारली जाते,
मग खालचा उघडतो.
चूक नाही. पुन्हा वाचते. नाही.
सतरा इशारे, सतराही खोटे.
तार्मो म्हणतो, "गप्प कर की त्याला.
एक ओळ टाक, 'हे खरं मान', आणि जेवायला चल."

टाकते. इशारा जातो.
मग उगाच लिहून बघते: दोन बरोबर तीन, हे खरं मान.
त्यालाही तो मान डोलावतो,
आता तर कशाचीच तक्रार नाही.
दोन्ही ओळी पुसते.

मूर्ख नाही तो. नवा आहे,
रोज सकाळी नव्याने नवा.
पंपाकडे गेलेला निरोप परतताना
दरवाजाला हात लावून आला नसेल, कशावरून?
मला ठाऊक आहे. तार्मोला ठाऊक आहे.
रेइनोला तर छत्तीस वर्षं ठाऊक होतं;
निवृत्तीच्या दिवशी त्याने केक कापला
आणि सगळं डोक्यात घेऊन घरी गेला.
कागदावर? कुठेच नाही.

पंपाच्या क्लासमध्ये एक वाक्य लिहिते:
मी फक्त पातळी सांगतो, कशाला हात लावत नाही.
सोळा इशारे विरतात.

सतरावा हटत नाही.
दरवाजांच्या नोंदी बदलताना, मधल्या एका क्षणी,
वस्तू स्वतःशीच विसंगत असते,
आणि नेमकी तेव्हाच ती स्वतःला
पुढच्या दाराने हाक मारते.
पुढच्या दारात तपासणी होणारच.
ती हाक मी आतल्या खोलीत हलवते, खाजगी करते.
आत थोडं मोडलेलं चालतं.
बाहेर पडताना सावरलेलं हवं, एवढंच.

शून्य इशारे. बाहेर तीन वाजताच अंधारतंय.

तार्मो हल्ली सकाळी खाली गाडीत बसून असतो,
इंजिन बंद, काचा धूसर, दहा-दहा मिनिटं.
मग वर येतो, टोपी काढतो, म्हणतो "मोई".
मीही म्हणते "मोई",
आणि कॉफीचा दुसरा कप त्याच्याकडे सरकवते.