शून्य नंबरचा ब्रश

ईस्ट स्ट्रीटच्या मागच्या बोळात
विदादबाईंचा स्टुडिओ होता, जिना चढून डावीकडे.
खाली सायकलचं दुकान. पंक्चरच्या सोल्युशनचा वास
हायपोच्या वासात मिसळून वर यायचा.
बाई बैरूतच्या. पाटीवर मात्र नुसतं
‘पासपोर्ट फोटो एका तासात’.

मी रिटचर. भवानी पेठेत असताना
किती नवऱ्यामुलींच्या गालांवरचे देवीचे व्रण
शिसपेन्सिलीनं बुजवले, मोजदाद नाही.
बाईंनी पहिल्याच दिवशी पेन्सिल काढून घेतली.
चेहऱ्यावर जे आहे ते त्याचंच आहे, म्हणाल्या,
मोडक्या हिंदीत. हिंदी आमचं दोघांचंही मोडकं,
पण वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेलं.

मला उरली ती धूळ.
निगेटिव्हवर कण बसला की प्रिंटवर पांढरा ठिपका,
तो शाईनं भरायचा. तेवढंच.

गुरुवार होता, वीज चारला आली.
बाईंनी ओव्हलटिनचा डबा उघडला,
कपड्यांत गुंडाळून आणलेले अकरा रोल,
पाच वर्षांत पहिल्यांदा.
एक पट्टी माझ्या हातात दिली
आणि सिगरेट आणायला म्हणून गेल्या त्या गेल्याच.

लाल दिव्याखाली, ट्रेच्या तळातून
हळूहळू वर आलं एक स्वयंपाकघर:
फळीवर कॉफीची किटली, पालथी पातेली,
खुंटीला कुणाचा तरी एप्रन
आणि अंधाऱ्या भिंतीभर
पांढरे ठिपके. शंभर तरी.
केवढी ही धूळ! म्हटलं, प्रवासातली असेल.
प्रिंट वाळवून बसलो.
शून्य नंबरचा ब्रश जिभेवर टोकदार करत
रात्री नऊपर्यंत एकेक ठिपका काळा केला.

बाई आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.
ही धूळ नाही, उस्ताद.
हा बाहेरचा उजेड आहे.
भिंतीला भोकं पडली तेव्हा
आईच्या ओट्यावर पहिल्यांदा ऊन आलं.

माझ्या जिभेवर शाई होती.

प्रिंट फाडतील असं वाटलं. नाही फाडली.
किटलीच्या वर एक ठिपका माझ्या नजरेतून सुटला होता,
त्यावर बोट ठेवून म्हणाल्या,
इथून समुद्र दिसायचा.

नव्वदच्या सुमारास त्या गेल्या. रोल घेऊन गेल्या,
प्रिंट मला दिली.
आता आमच्या बाहेरच्या खोलीत आहे, घड्याळाखाली.
दर दिवाळीला काच पुसताना
सूनबाई त्या ठिपक्याशी थांबते, नखानं खरवडते.
जात नाही हो, म्हणते.