नोंदीत नसलेलं

चार्ल्स्टन, कोर्टरूम तीन.
कोण काय बोललं, तेवढंच मी टंकते.

सरकारी वकील म्हणाले : शत्रू.
मागच्या बाकावरून आईनं जन्मदाखला उंच धरला.
डिअरबॉर्न. मुलगा. सात पौंड दोन औंस.
(हे नोंदीत नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं.)

न्यायाधीश : किती दिवस ठेवणार?
वकील : युद्ध संपेपर्यंत.
न्यायाधीश : आणि ते संपलं, हे कोण ठरवणार?

वकील पाणी प्यायले.
अख्खा पेला, सावकाश.

माझ्या यंत्राला शांततेची कळ नाही.
बोटं अधांतरी राहिली.

मग ही ओळ, दोनदा तपासलेली :
नबील हुबैशीला माझ्यासमोर हजर करा.
फाईल नको. माणूस.

आईनं दाखला मिटला
जुन्याच घडीवर,
दाराकडे बघत.