एक वेढा कमी

जळालेल्या मोटरला गोड वास येतो,
करपलेल्या साखरेसारखा. वार्निशचा.
दोमेन्तीने ती हातगाडीवरून आणली, रिओनीचा पूल ओलांडून,
कणीक मळायच्या यंत्राची, चार किलोवॅटची,
अंगावर तीस वर्षांचं पीठ.
"कालपर्यंत गुणगुणत होती," तो म्हणाला,
घरातलं कुणी आजारी पडावं तसा चेहरा करून.

कारण साधं होतं. रात्री तीनपैकी एक फेज गेली,
उरलेल्या दोघींवर सगळा भार,
त्यात कणकेचा गोळा जड. शाफ्ट अडला.
अडलेली मोटर जळते.
फिरत असते तोवर ती आलेल्या विजेला
स्वतःच थोडं मागे रेटत असते.
थांबली की रेटणारं कुणी नाही,
अँपिअर उघड्या दारातून शिरतात.

मिंदियाने हे वहीत लिहून घेतलं.
मग विचारलं, "रोटरला तार कुठून जाते?"
कुठूनच नाही.
बेअरिंग उतरवून मी रोटर त्याच्या हातात दिला:
लोखंडाचा ओंडका, पोटात ॲल्युमिनियमचा पिंजरा.
याला कुणी शिवत नाही, पोरा.
भोवती अर्ध्या मिलिमीटरची हवा,
हवेपलीकडे स्टेटरचं क्षेत्र फिरतं, मिनिटाला पंधराशे,
आणि हा त्याच्यामागे, चौदाशे चाळीस.
"पोचत का नाही?"
पोचला तर ओढच संपेल.
शिवाशिवीत शेवटच्या गड्याला शिवलं
की सगळे आपापल्या घरी जातात.
त्या साठ फेऱ्यांच्या उणिवेला स्लिप म्हणतात. लिही.

गुंडाळी तोडण्याआधी मोजायची असते.
खाचेतला कागद उलगडला, तपकिरी, कडा जळलेला,
त्यावर पेन्सिलीने: वेढे ४४. फेब्रुवारी ९४. वा.
वार्लामचा 'वा'. शेपूट तोडल्यासारखा.

सुईच्या टोकाने एकेक तार बाजूला करत गेले.
चव्वेचाळीस. चव्वेचाळीस.
सातव्या कॉइलमध्ये त्रेचाळीस.
चष्मा पुसला. पुन्हा मोजलं.
त्रेचाळीस.

वार्लाम चुकत नसे.
मोजताना तो आकड्याशिवाय ब्र काढत नसे,
बायको जेवायला हाका मारून थकायची.
एकदा शेजारच्या छपराला आग लागली,
तो एकतिसावर होता. चव्वेचाळीसपर्यंत गेला,
गाठ मारली, आणि मग बादली उचलली.

त्या हिवाळ्यात दिवसाला दोन तास वीज असे,
तीही एकशे साठ व्होल्ट, बल्बची तार नुसती लाल होई.
तांबं मिळत नव्हतं. मेलेल्या ट्रान्सफॉर्मरची तार सोलून
तो रॉकेलच्या दिव्याजवळ कॉइल भरत होता.
मी दारात. एकोणीस वर्षांची,
बंद पडलेल्या कारखान्यातून घरी पाठवलेली,
बुटांत वर्तमानपत्र.
मी विचारलं, "मला शिकवाल?"

त्याचे ओठ हलायचे थांबले.
"उद्या ये," तो म्हणाला.
मग ओठ पुन्हा हलू लागले.

मजुरी म्हणून बेकरीतून पाव आले होते.
पुढल्या दिवशी त्यातले दोन माझ्या हातात होते,
ते कुठल्या मोटरचे, मी तेव्हा विचारलं नव्हतं.

"आता किती भरू?" मिंदियाने विचारलं.
चव्वेचाळीस. सगळीकडे.
वार्निश केलं, भट्टीत भाजली,
मेगरचा काटा अनंताकडे जाऊन टेकला.
तो भरत असताना मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

दोमेन्तीने बटण दाबलं.
मोटर फिरली, गार, सरळ, निःशब्द.
नोटा मोजता मोजता त्याने कान लावला.
"हिच्यात काहीतरी कमी झालंय."
"नाही," मी म्हणाले, "एक वेढा जास्त आहे."
तो बघत राहिला.
मग हिशेब चुकला म्हणून
नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.