अस्तर

मंगळवारी दुपारी हडर्सफील्डच्या जुन्या थिएटरात
साठीपुढच्यांना तिकीट स्वस्त, वर चहा आणि दोन बिस्किटं.
मी अठ्ठावन्नची. पण मॉरीननं खिडकीवर सांगून टाकलं,
"हिचे गुडघे बघा, साठीचेच आहेत."
आम्ही दोघी ड्रायक्लीनरच्या मागच्या खोलीत
एकवीस वर्षं लोकांच्या कमरा ढिल्या करतोय.

पडद्यावर हॅलिफॅक्सचा बसड्रायव्हर, क्लिफर्ड,
शनिवारी रात्री पबच्या माळ्यावर मिस व्हेरिटी स्लेट.
मला वाटलं, आता टिकल्या, पिसं, डोळे दिपवणारं गुलाबी काहीतरी.
पण ती आली करड्यात.
ओल्या फडक्यानं नुकत्याच पुसलेल्या पाटीचा करडा.

आला म्हणू की आली?
मॉरीनच्या भाषेत क्रियापद उघडंच हिंडतं,
आमच्यात त्यालाही
धोतर नाहीतर लुगडं नेसवल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत.
मी आली म्हटलं
आणि कुठेतरी एक हूक आपल्या घरात बसला.

कापड इथलंच, कोल्नच्या खोऱ्यातलं, अंधारातही सांगते.
स्कर्ट उरेब कापलेला, म्हणून पाऊल टाकलं की
घोळ अर्धा क्षण मागे राहतो, मग येतो.
खांदे रुंदच. लपवले नव्हते.
बाही अशी चढवलेली की
हे खांदे मुद्दाम मागवून घेतलेत असं वाटावं.
हातमोजे बाटलीहिरवे, मनगटाशी एकच बटण.
गळ्यात काही नाही. छातीवर एक ब्रोच, तोही थोडा खाली,
जिथे कुणी दुसरी लावायला धजावली नसती.
मी चहा प्यायचा विसरले.

मग आई जाते. भाऊ फोनवर म्हणतो,
"ये. पण माणसासारखा ये."

ती माणसासारखीच आली.
तोच करडा, वर लांब कोट, विग साधा, कानामागे वळवलेला.
चर्चमधली सगळी डोकी वळली, आणि ती बाकावर बसताना
डाव्या हातानं मागचा घोळ सावरून बसली.
सांगलीत आमच्या गल्लीत एक म्हातारे होते,
एके काळचे स्त्रीपार्टी.
नाटक कंपनी बुडून तीस वर्षं झाली होती,
तरी धोतरातसुद्धा असेच बसायचे,
नसलेला पदर गुडघ्यावर ओढून.
आम्ही पोरं हसायचो.
मीही हसायचे.

बसताना कोटाची कड उलटली.
आत पिवळं अस्तर. पिवळंधमक, बारीक पांढऱ्या फुलांचं.
एक सेकंद, मग कोट मिटला.
एका सेकंदासाठी कुणीतरी एवढं अस्तर
हातानं तुरपलं होतं. टाकेही सारखे होते.

"पडदा," मॉरीन पुटपुटली.
"कुठला पडदा?"
"पहिल्या सीनमधला. आईच्या स्वयंपाकघरातला."
ती आधी अकरा वर्षं पडद्यांच्या कारखान्यात होती.
मी टाके मोजत बसले होते आणि
पोरानं आईला आतून अंगावर घेतलं होतं, हे मला दिसलंच नव्हतं.

शेवटी नावं वर सरकत गेली,
गाड्यावाले, दिवेवाले, जेवणवाले, कुत्रा सांभाळणारा.
शिवणाऱ्यांची दोन नावं आली, चष्मा चढवेपर्यंत गेली.
पॉपकॉर्न झाडायला आलेला पोरगा झाडू टेकून थांबला,
घाई करा म्हणाला नाही.

गुरुवारी दुकानात एक बाई कोट घेऊन आल्या,
अस्तर काखेत फाटलेलं.
"काळं लावा, काहीही. कुणाला दिसतंय?"
मॉरीननं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
मी पावती फाडता फाडता म्हटलं,
"घरात एखादं जुनं कापड पडलंय का बघा.
घाई नाही. सोमवारी आणलंत तरी चालेल."